मधला आकडा वाचणारे सेनेन पेर्तुझ

आमच्या गल्लीत एकतीस वर्षं ज्या माणसाला येताना पाहून लोक दारं लावून घ्यायचे, त्याच माणसाच्या ओट्यावर पुढे लोक आपापली खुर्ची घेऊन जाऊन बसायला लागले. सेनेन पेर्तुझ त्यांचं नाव. वीज कंपनीत मीटर वाचायचे. माझ्या लेकीचे ते धर्मपिता, म्हणून मी त्यांना कोम्पाद्रे म्हणायची आणि ते मला कोमाद्रे. आमच्या बारांकिया शहरात हे नातं सख्ख्या भावाबहिणीपेक्षा जड असतं. भाऊ चार दिवस रुसला तर कुणी विचारत नाही, कोम्पाद्रे रुसला तर अख्खी गल्ली चौकशीला येते. तेव्हा त्यांच्याबद्दल मी जे काही वाकडं बोलेन ते माझ्या हक्काचं. दुसऱ्या कुणी बोललेलं मी ऐकून घेणार नाही, आधीच सांगून ठेवते.

उंच, वाळका माणूस. डोक्यावर वेताची टोपी, खांद्याला कातडी पिशवी. पिशवीत वही आणि कुत्र्यांसाठी शिळ्या पावाचे तुकडे. आमच्याकडे दुपारी बारा वाजता कुत्रंसुद्धा सावलीतून उठत नाही, आणि हे गृहस्थ दारोदार फिरायचे. बिल जास्त आलं की दोष ह्यांचा, जसे काही आकडे घरून लिहून आणलेत. लोक आतून कडी लावून गप्प बसायचे. तेव्हा सेनेन दाराला तोंड लावून म्हणायचे, "घरात कुणी नाही हे कळलं. पण बाहेर जाताना रेडिओ तरी बंद करत जा, बिचारा एकटाच गातोय!" आणि मग आतून हसू फुटायचं, आणि दार उघडायचं.

मी त्यांना लेकीचा धर्मपिता का केला, हेही सांगते, लपवायचं काय त्यात. माझा नवरा बोटीवर कामाला होता. सहा-सहा महिने पत्ता नाही, आणि पुढे तर आलाच नाही. दर महिन्याला नेमाने माझ्या दारात उभा राहणारा पुरुष एकच, तो म्हणजे मीटर वाचणारा. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबांनी विचारलं, "मुलीचा धर्मपिता कोण?" मी म्हटलं, "जो येतो तो." सेनेननी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि माझ्यापेक्षा जास्त तेच रडले.

निवृत्त झाल्यावर त्यांना करमेना. बायको निकोलासा म्हणायची, "घरात बसून माझे दिवे मोजतो गं हा माणूस, ह्याला कुठेतरी ने." कुठे नेणार? शेवटी लोकच त्यांच्याकडे यायला लागले, हातात बिलं घेऊन. ओट्यावर बदामाच्या झाडाखाली त्यांची झुलती खुर्ची. बिल मांडीवर ठेवायचे, तळहाताने सरळ करायचे, आणि सगळ्यात आधी खालचा भाग अंगठ्याने झाकून टाकायचे.

"अहो, तोच तर बघायचाय!" लोक ओरडायचे.

"तो बघून काय करणार? रडणार. तो भाव वर बसलेले लोक ठरवतात, तिथे तुमचं-माझं चालत नाही. हा मधला आकडा वाचा. एवढी युनिटं तुम्ही जाळलीत. ही तुमच्या हातात आहेत. आणि हे बाजूला काय लिहिलंय? 'अंदाजे'. म्हणजे वाचायला माणूस आला होता आणि तुम्ही रेडिओला एकटं सोडून घरात लपला होतात. हो ना?"

असं गल्लीतल्या बायकांना त्यांनी बिल वाचायला शिकवलं. ज्यांना स्वतःच्या नावापलीकडे वाचता येत नव्हतं त्यासुद्धा मधला आकडा शोधून काढायच्या. मासळीबाजारात उभ्या राहून आम्ही एकमेकींना विचारायचो, "तुझी ह्या महिन्याला किती गं?" आणि मासे विकणाऱ्याला वाटायचं आम्ही वयं विचारतोय.

आता माझं. माझा फ्रीजर होता. आडवा, पांढरा, वरून झाकण उघडणारा. तो मी कुणाच्या उपकारावर नाही घेतला, अकरा वर्षं लोकांचे कपडे धुऊन घेतला. त्यात मी सरबताच्या कांड्या गोठवायची, प्लास्टिकच्या लांब पिशवीत, टोकाला गाठ मारलेल्या. चिंचेच्या, नारळाच्या, कोरोसोच्या लाल फळांच्या. शाळा सुटली की माझ्या खिडकीपाशी जत्रा. त्या कांड्यांवर माझी लेक नर्स झाली. तो फ्रीजर मी पुढच्या खोलीत ठेवला होता, दारासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. वर मी स्वतः विणलेलं जाळीचं कापड, पार दोन्ही बाजूंनी खाली लोंबणारं. त्यावर चिनी मातीचा हंस. आमच्याकडे सगळ्यांचं तसंच असायचं. घाम गाळून घेतलेली वस्तू स्वयंपाकघरात कोंडून ठेवायला आम्ही काय खुळे आहोत?

लेकीचं पहिलं बाळंतपण निघालं म्हणून मी तिच्याकडे कार्ताहेनाला गेले आणि पाच आठवडे राहिले. घराची किल्ली शेजारी ठेवली, जशी नेहमी ठेवायचे. परत आले तर गल्लीवर शोककळा. पलीकडच्या अमीराचा नवरा रोदोल्फो मी नसताना गेला होता. बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता बिचारा. मातीला गेले नाही, नऊ रात्रींच्या प्रार्थनेला बसले नाही, ह्याची मला फार लाज वाटली. मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती ताठ उभी. अमीरा म्हणजे तशीच. शिवणकाम करून पोट भरायची. घरात मीठ संपलं तर अळणी जेवेल, पण शेजारी वाटी पाठवणार नाही.

आणि त्यानंतर माझ्या बिलाने उचल खाल्ली. मधला आकडा तीनशे दहावरून एकदम चारशे तीस! मी म्हटलं, नातवाच्या आनंदात काहीतरी चालू राहिलं असेल. पुढच्या महिन्याला चारशे चाळीस. कांड्या विकून जे येत होतं ते सगळं बिलात जायला लागलं. कोपऱ्यावरचा दुकानदार चादिद हे ऐकून आला आणि टेप काढून माझ्या फ्रीजरची लांबी-रुंदी मोजायला लागला. माझ्या डोळ्यांदेखत! "अजून दोन बिलं बघ तुलिया," म्हणाला, "नाही जमलं तर मी नेतो. चांगली किंमत देईन." मी त्याला घराबाहेर काढला. पण फ्रीजर गेला तर मी पुन्हा लोकांचे कपडे धुवायचे का? ह्या गुडघ्यांनी?

मी तशीच बिल घेऊन सेनेनच्या ओट्यावर गेले. "तुमची कंपनी चोर आहे!"

"आता माझी नाही," ते म्हणाले. "चला, चोर घरात आहे का बघू."

आले. टोपी काढली नाही, खुर्चीवर बसले नाहीत, कॉफीला नाही म्हणाले. म्हणजे कामावर होते. सगळे दिवे बंद करायला लावले, पंखा बंद, रेडिओ बंद, फ्रीजरचा प्लग काढला. भर दुपारी घर असं गप्प झालं की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. मग आम्ही दोघं मीटरपुढे उभे राहिलो. त्या काळी मीटरमध्ये एक चकती असायची, कडेला लाल खूण असलेली. वीज चालू असली की फिरते.

फिरत होती. हळूहळू, पण फिरत होती.

"बघा!" मी किंचाळले. "सगळं बंद आहे आणि हे मेलं फिरतंय! भूत आहे का माझ्या घरात?"

सेनेन भिंतीला हात लावत लावत आतल्या खोलीत गेले, तिथून मागच्या अंगणात. मी चुलीवर भात ठेवला होता, तो बघायला वळले. ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा टोपीवर वेलीची पानं चिकटलेली.

"इतका वेळ?"

"वय झालं, कोमाद्रे. ह्या वयात अंगणातली कामं लवकर होत नाहीत."

"आणि भूत?"

त्यांनी टोपी काढली. आतून नीट बघितली, जणू काही तिथेच उत्तर लिहिलंय. म्हणाले, "भिंतीतली वायर जुनी आहे. ओल धरलीय. थोडी गळती आहे."

"मग काढा ती."

"भिंत फोडावी लागेल. गवंडी येईल, वायरमन येईल, रंगारी येईल. फ्रीजर विकलात तरी पुरणार नाही. ती गळती राहू दे. बाकीचं इतकं कमी करू की ती सोसेल."

मी शहाणी मान हलवून मोकळी झाले. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी भिंत स्वतः फोडून बघितली असती. पण एकतीस वर्षं मीटर वाचलेला माणूस, आणि वर माझा कोम्पाद्रे. त्याला काय विचारायचं?

मग बाई, त्यांनी माझा छळ मांडला. छळच. पहिल्याच दिवशी फ्रीजरवर आले. "हा इथून हलवायचा."

"का? मान दुखते का त्याची?"

"चार वाजता पश्चिमेचं ऊन थेट ह्याच्या अंगावर येतं. मागे भिंतीला चिकटवलाय, त्याला श्वास नाही. आणि वर तुम्ही त्याला पेटिकोट घातलाय! बाहेरून तापवायचा आणि आतून गार करायचा, मधल्या मध्ये बिल तुमचं."

"म्हणजे माझा फ्रीजर मागच्या ओसरीत? लोकांना वाटेल मी विकला!"

"वाटू दे. नाहीतर विकावाच लागेल, मग वाटायचं कामच नाही."

रडत रडत हलवला. हंस एकटा पुढच्या खोलीत राहिला. मग त्यांनी माझंच बिल घेतलं आणि फ्रीजरच्या झाकणात अडकवून झाकण बंद केलं. ओढलं तर अलगद बाहेर आलं. "बघा, कागद निसटतो तिथून गारवाही निसटतो." झाकणाचं रबर बदललं. आतला बर्फ चार बोटं जाड झाला होता, तो वितळवला. सरबत उकळून गरमच आत ठेवायची माझी सवय होती. त्यावरून तर मला गल्लीसमोर बोलले. आधी पाण्याच्या टबात गार करायचं, मगच आत. आणि झाकण दहा वेळा उघडायचं नाही, शाळा सुटायच्या आधी एकदाच काढून जाड खोक्यात भरून ठेवायच्या कांड्या.

इस्त्री! इस्त्रीवरून आमचं खरं भांडण झालं. आम्ही इथली माणसं, घामाने निथळू पण चुरगळलेले दिसणार नाही. मी चादरींना इस्त्री करायची, फडक्यांना करायची. ते म्हणाले, आठवड्यातून एकदा. आधी जाड कपडे, मग पातळ, आणि शेवटचे दोन इस्त्री बंद करून, उरलेल्या उष्णतेवर. "आणि फडक्यांना इस्त्री का? ती कुठे नाचायला जाणार आहेत?"

पंख्याची पाती पुसायला लावली. धुळीने ती इतकी जड झाली होती की तीनवर लावला तरी वारा नाही. पुसल्यावर एकवर पुरायला लागला. दिवे बदलले. कार्मेनच्या माउलीच्या मूर्तीपुढे मी साठचा बल्ब रात्रंदिवस जाळायची. त्याला हात लावला तेव्हा मी आडवी आले. "तिथे नाही! माउलीला अंधारात ठेवायला सांगता?"

"अंधारात नाही, कोमाद्रे. लहान दिवा लावा. बिल तिला येत नाही, तुम्हाला येतं, हे तिला माहीत आहे."

रोज सकाळी अकराला यायचे, खडूने दाराच्या आतल्या बाजूला आकडा लिहायचे. कालचा, आजचा, फरक. फरक वाढला की टोपीखालून माझ्याकडे बघायचे, आणि मी शाळेतल्या पोरीसारखी काल काय काय चालू होतं ते सांगायची. मला राग यायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "तुम्ही माझ्या जिवावर का उठलाय? बाकी बायकांना दोन गोष्टी सांगून सोडता, मला मात्र सुईच्या टोकाने टोचता!"

ते म्हणाले, "तुमचं जास्त कमी करायला लागणार आहे." बस, एवढंच.

पहिलं बिल तीनशे साठ. दुसरं तीनशे पाच. तीनशे पाच! मी गेले तेव्हाच्यापेक्षाही कमी, आणि भिंतीतली गळती धरून! मी ते बिल घेऊन गल्लीत अक्षरशः नाचले, माझे गुडघे विसरून. चादिदच्या दुकानात जाऊन त्याच्या काउंटरवर आपटलं आणि म्हटलं, "टेप गुंडाळून ठेव." सेनेन ओट्यावर झुलत होते. मी त्यांना मिठी मारली तर म्हणाले, "दारं उघडी ठेवत जा कोमाद्रे, मीटरवाला येईल तेव्हा."

त्यानंतर दोन वर्षं मिळाली. फार चांगली दोन वर्षं होती ती. आता मीटर खांबावर उंच बसवलेत, चकती नाही, खूण नाही, आकडे कुणी दारात येऊन वाचत नाही. बिल फोनवर येतं, आणि माझी नात खालचाच आकडा आधी बघते. मी तिला सांगते, मधला बघ गं. ती म्हणते, "आज्जी, फोन हलवू नकोस." मला अजून अकरा वाजले की दाराकडे बघायची सवय आहे. खडूचे आकडे मी पुसले नव्हते, रंगाऱ्याने पुसले, आणि त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं नाही.

सेनेन गेले ते फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या आधी. ओट्यावर बसल्या बसल्या. निकोलासाने हाक मारली, त्यांनी उत्तर दिलं नाही, इतकंच.

आमच्याकडे मयत झालं की त्या घरात नऊ रात्री माणसं बसतात. रस्त्यात खुर्च्या, डोक्यावर दिवे, पंखे, कॉफीची भांडी. ह्या सगळ्याची वीज मयताच्या घरातून घेत नाहीत. शेजारीपाजारी आपापल्या घरातून वायरी देतात, भिंतीवरून, कौलांवरून, जशा पोहोचतील तशा. त्यांना दुःख पुरे असतं, बिल नको. कुणी विचारत नाही आणि कुणी हिशेब करत नाही. घरात माणूस नसेल तर किल्ली घेऊन अंगणातून वायर ओढतात, आणि परत आल्यावर सांगायचीही गरज वाटत नाही कुणाला.

त्या दुपारी गल्लीतले पुरुष वायरीचं भेंडोळं घेऊन माझ्या दारात आले. मी म्हटलं, द्या इकडे, माझ्या कोम्पाद्रेची वायर मीच लावणार. मागच्या अंगणात गेले. कपडे धुवायच्या दगडामागे एक जुनं सॉकेट होतं, पूर्वी धुण्याचं मशीन लावायचे मी तिथे. ते मोडल्यापासून तिकडे फिरकलेच नव्हते, पॅशनफ्रूटची वेल माजली होती नुसती. वेल बाजूला सारली. सॉकेटमध्ये आधीच एक प्लग होता.

पांढरी वायर. वेलीच्या आडून भिंतीवर चढलेली, आणि भिंतीपलीकडे अमीराच्या घरात उतरलेली. रोदोल्फोच्या नऊ रात्रींची. मी कार्ताहेनाला असताना लावलेली.

डोक्यात असं काही झालं की सांगता सोय नाही. गळती! भिंतीतली ओल! दोन वर्षं! मी प्लग धरला आणि उपटून काढला.

पलीकडे शिलाईचं मशीन चालू होतं. ते थांबलं.

तोंडात शब्द अगदी तयार होते माझ्या, आणि माझ्या तोंडचे शब्द गल्लीला ठाऊक आहेत. तेवढ्यात भिंतीवरून अमीराचं डोकं वर आलं. स्टुलावर चढली असावी. डोळे रडून लाल, गळ्यात मापाची टेप, हातात काळं कापड.

"तुलिया," ती म्हणाली, "तुला आज वायर हवी असणार, मला समजतं. फक्त अर्धा तास दे. निकोलासाचा काळा झगा आहे हा, चारला त्यांना नेणार, तिला घालायला काही नाही. एवढी बाही होऊ दे, मग काढ. कायमची काढलीस तरी मी काही म्हणणार नाही."



"रोदोल्फोच्या आजारातच आमची लाईन कापली होती," ती खाली बघत म्हणाली. "सेनेनना मी सांगितलं, वायर काढा, मी तुलियाचं ऋण ठेवणार नाही. ते तुझ्याकडे जाऊन आले. म्हणाले, तुलियाने निरोप दिलाय, वायर राहू दे, बाकीचं मी सोसते. पण त्यावर कधी एक शब्द काढायचा नाही, तिला आवडत नाही. म्हणून मी आजपर्यंत तुला साधं आभारी आहे असंही म्हटलं नाही गं. तू काय समजत असशील मला."

माझ्या हातात तो प्लग. इतका राग आला होता मला सेनेनचा, आणि तितकंच प्रेम. माझ्याकडून एवढं मोठं काम करून घेतलं त्या माणसाने, आणि मला पत्ता लागू दिला नाही. आता जाब विचारायला गेले असते तर ते आपल्या घरी पुढच्या खोलीत पांढरा शर्ट घालून झोपले होते.

"अगं, मला काय माहीत नाही का?" मी अमीराला म्हटलं. "प्लग सैल झाला होता, नीट बसवत होते. तू जा, बाही लाव."

आणि मी तो परत सॉकेटमध्ये घातला, घट्ट, अंगठ्याने दाबून.